घासाघीस करावी की करू नये?

बेलापूर म्हटलं की लोकांना नवी मुंबई आठवते. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. आमच्या नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा श्रीरामपुरात आहे. तेव्हा आपल्या वाट्याचं दुसरीकडे जाणं आम्हांला नवीन नाही. पण २०२० साली कमाल झाली. टाळेबंदीत अख्खा देश ज्या ‘लुडो किंग’वर सोंगट्या मारत बसला, तो खेळही निघाला नवी मुंबईचाच! आणि आमच्याकडचं खेळांच्या सामानाचं छोटंसं दुकान मात्र कुलूपबंद.

२५ मार्चपासून फक्त जीवनावश्यक वस्तू मिळणार होत्या. दूध, भाजी, किराणा, औषधं. कॅरम त्यात बसेना. ४ मे रोजी दारूची दुकानं उघडली तेव्हा कितीतरी शहरांत लांबच लांब रांगा लागल्या. बुद्धिबळाच्या पटासाठी कुठे रांग लागल्याचं ऐकिवात नाही.

या धंद्याची गंमत अशी, की कॅरमबोर्ड एकदा घरी आला की मुलाच्या मुंजीपासून लग्नापर्यंत टिकतो. दुकान चालतं ते पावडर, शटलकॉक आणि टेनिसच्या चेंडूंवर; आणि खरं तगतं ते शाळांच्या ऑर्डरींवर आणि स्पर्धांच्या ढालींवर. शाळा बंद, स्पर्धा बंद. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबवायची मुभा दिली खरी. व्याज मात्र चालूच होतं. शिवाय आमच्या शेठची उधारी पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे. तो काही रिझर्व्ह बँकेचं ऐकणारा नव्हे.

मग शेठ तगले कसे? गाळा स्वतःचा, म्हणून भाडं नाही. नोकर नाही, म्हणून पगार नाही. दुकान उघडल्यावर बॅटींच्या शेजारी मास्क लटकले, चेंडूंच्या बरणीजवळ सॅनिटायझर आला. आणि आम्ही गिऱ्हाइकांनी ठरवलं की शेठला हात द्यायचा, म्हणजे भाव करायचा नाही. सांगतील ते मुकाट्याने मोजायचं.

मी पत्त्यांचे दोन कॅट घेतले आणि पूर्ण पैसे पुढे केले. शेठचा चेहरा पडला.

“साहेब, भाव नाही करणार?”

“राहू द्या हो, सध्या दिवस असे आहेत.”

“दिवस माझे आहेत, पण दुकान अजून दुकानच आहे ना?”

तेव्हापासून हा प्रश्न मला छळतो आहे. घासाघीस न करणं पुण्य की अपमान? आपण भाव कुणाशी करतो? जो आपल्या तोडीचा आहे त्याच्याशी. भिकाऱ्याशी कुणी भाव करत नाही. म्हणजे आम्ही ज्या दिवशी भाव करायचं सोडलं, त्या दिवशी शेठला गल्ल्यावरून उठवून देवळाच्या पायरीवर बसवलं. दुसरीकडे, माणूस अडचणीत असताना पाच रुपयांसाठी हुज्जत घालायची, हे तरी कुठल्या नीतीत बसतं?

गल्लीतल्या एका गृहस्थाने आणखी पुढचा उपाय काढला. पुढच्या मे महिन्याच्या रॅकेटींचे पैसे आगाऊ देऊ केले. शेठ म्हणाले, “आजवर उधारी गिऱ्हाइकांनी ठेवली. मी गिऱ्हाइकाची ठेवायची, तर वही उलटी धरावी लागेल.” पण त्यांनी पैसे घेतले. वहीत नाव, तारीख, रक्कम लिहून, सही करून घेतले. आगाऊ रक्कम हा व्यवहार होता. माझी मुकाट उदारता हे दान होतं. फरक पैशांचा नव्हता, वहीत नोंद होते की नाही याचा होता.

सापशिडीचा जुना अवतार मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते, आणि त्यांची ज्ञानेश्वरी आमच्याच प्रवरेच्या काठी, नेवाशाला सांगितली गेली. त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या असतात आणि दुर्गुणांचे साप. दया ही शिडी, हे आपण धरूनच चालतो. पण ज्याच्यावर दया करायची त्याला ती सापासारखी डसली, तर त्या घरात काय काढायचं?

माझ्यापुरता मी तोडगा काढला आहे. पावडरचा डबा घ्यायला गेलो की कडाडून भाव करतो. डबा हलका लागतो म्हणतो, श्रीरामपुरात स्वस्त मिळतो म्हणतो, दोन पावलं मागे फिरतो. शेठ शपथा घालतात. मग आपण लहान मुलाशी कॅरम खेळताना हरतो तसा, त्याला कळणार नाही अशा बेताने, मी हरतो.

शेठला ते कळतं की नाही, कोण जाणे. हल्ली ते मुळातच पाच रुपये जास्त सांगतात, एवढं मात्र खरं.