बीडचा माळ

बीड शहरातून कोणत्याही दिशेनं बाहेर पडा. प्लॉटिंगचे दगड मागे पडले की माळ लागतो. तरवड, हिवर, बोर, बाभूळ, मधूनच सीताफळाची झुडपं आणि खाली कुसळी गवत. उन्हाळ्यात हे सगळं करडं पडतं आणि आपण सहज म्हणून जातो, तिथं काय आहे, नुसती पडीक जमीन!

सीताफळाचंच बघा. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. बालाघाट डोंगररांगेच्या खडकाळ उतारांवर हे झाड कुणी न लावता, न शिंपता वाढतं. त्याच्या फुलाच्या तीन जाड, हिरवट पाकळ्या पुरत्या उमलतही नाहीत. फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात. त्यामुळे फूल सहसा स्वतःच्या परागावर फळत नाही. पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणारे बारीक भुंगेरे एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात नेतात, तेव्हा कुठं फळ धरतं. हे भुंगेरे वाढतात कुजक्या फळांत आणि पालापाचोळ्यात. आपण ज्याला कचरा समजून पेटवून देतो, त्यातच पुढच्या हंगामाची फळधारणा असते.

बोरीच्या काट्यावर कधी टोचून ठेवलेला नाकतोडा दिसेल. तो खाटीक पक्ष्याचा साठा. असे पक्षी, घुबडं, मुंगूस, धामण माळावर राहतात आणि भक्ष्य शोधत शेजारच्या शेतात उतरतात. शेतातले किडे आणि उंदीर आवरायला त्यांचा केवढा हातभार लागतो, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. पाटोदा तालुक्यातलं नायगाव 1994 मध्ये मयूर अभयारण्य झालं. मोर रात्री उंच झाडावर बसतो खरा, पण लांडोर अंडी घालते जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला; म्हणजे मोरालाही ही झुडपं हवीतच.

पाण्याचंही तसंच. 1989 च्या जुलैमध्ये बिंदुसरा नदीला आलेला पूर जुन्या बीडकरांच्या आठवणीत आहे. तसला पाऊस एकटं गवत थोपवू शकत नाही, हे मान्य. पण एरवीच्या सरींचं पाणी उतारावर अडखळतं, मुरतं, ते याच गवताच्या आणि झुडपांच्या मुळांपाशी. उतार उघडा पडला की माती सरळ ओढ्यात जाते.

शहरालगतच्या पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली, तिथं फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरलं. अभिनेते सयाजी शिंदे, वनविभाग आणि बीडकरांनी मिळून केलेलं हे काम मोलाचंच आहे. मात्र झाडं लावण्याच्या उत्साहात असलेलं रान उपटू नये. जेसीबीनं झुडपं काढून तिथं गुलमोहराच्या रांगा लावल्या, तर चंडोल, तितर, ससा, खोकड यांचं घर जातं. मला विचाराल तर, पुष्कळ माळांना रोपांपेक्षा राखण अधिक हवी आहे.

म्हणून एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावच्या गायरानावर उन्हाळ्यात काडी टाकू देऊ नका, शहराचा कचरा तिथं ओतू देऊ नका. आणि सपाटीकरणाचा विषय ग्रामसभेत आला, तर त्या दिवशी घरी बसू नका; उठून बोला.