वाढप्यांची पंगत



दासोहाच्या दिवशी सर्व पंगती उठल्यावर शेवटी एक पंगत वाढणाऱ्यांची बसते. ती बसल्याशिवाय दासोह पुरा झाला असे आम्ही मानीत नाही. परंतु घरात कर्करोगाचा रुग्ण असला म्हणजे त्याला भरविणारी, त्याचे अंथरूण धुणारी, रात्र रात्र उशाशी बसणारी जी माउली असते, तिची पंगत कधी बसते?

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील कुटुंबे उपचारासाठी कोणी हुबळीला, कोणी बार्शीला, कोणी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जातात. केमोच्या फेऱ्या महिनोन् महिने चालतात. भेटीला येणारा प्रत्येक जण रुग्णाची विचारपूस करतो. सोबत आलेल्या बाईला मात्र कागदपत्रांविषयीच विचारतो. तिची झोप उडते, जेवणावरची वासना जाते, कारण नसता रडू येते किंवा मुळीच रडू येत नाही. हे आठवडेच्या आठवडे चालले, तर तो स्वभावदोष समजू नये आणि भक्तीतील उणीव तर नव्हेच. तो नैराश्याचा आजार असू शकतो, त्याला औषध आहे.

बाराव्या शतकातील आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यावयास सांगितले. ही कथा आपण संचयाविरुद्ध सांगतो. आम्हांस तिच्यात श्रमाचेही माप दिसते. ओंजळीत मावेल तेवढे आपले. उरलेले परत करावे. दासोह म्हणजे 'दासोऽहम्'. 'मीच केले पाहिजे, दुसऱ्या कोणाला जमणार नाही' असे मन म्हणू लागले की त्यातला दास निघून जातो आणि अहम् तेवढा उरतो.

अर्थात पुष्कळ घरांत तिने परत करावे म्हटले तरी घ्यायला कोणी पुढे होत नाही. पुण्याहून फोनवर पथ्याचे सल्ले देणाऱ्या भावाने महिन्यातून चार रात्री येऊन जागावे. सल्ल्याला खर्च नाही, जागरणाला आहे.

आणखी एक गोष्ट लोक आमच्याजवळ दबक्या आवाजात बोलतात. वेदना पाहवत नाहीत, तेव्हा 'आता सुटका होऊ दे' असा विचार मनात येतो आणि मग माणूस स्वतःला पापी ठरवितो. माता-पित्यांनो, हे पाप नव्हे. थकलेल्या मायेचे ते बोलणे आहे. ते कोणाजवळ तरी बोलावे. सरकारची टेलीमानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. वेदना शमविण्यासाठी पॅलिएटिव्ह उपचार असतात, त्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. रुग्णाची वेदना उतरली की उशाशी बसलेल्याचीही अर्धी उतरते.

कित्येक घरांत शेजारी पाणीसुद्धा घेत नाहीत. हा रोग सोबत बसल्याने वा एका ताटात जेवल्याने होत नाही. तेव्हा येत्या सोमवारी मठात येण्यापूर्वी आपल्या गल्लीतील अशा घरी जा. तेथे चहा मागून घ्या. मग त्या बाईला आत जाऊन निजायला सांगा आणि तिच्या जागेवर दोन तास बसा. मठात यायला उशीर झाला तरी चालेल.