पोळ्याचे आवतण

श्रावणातील अमावास्या जवळ आली म्हणजे आमच्या विदर्भाच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. थोरला भाऊ हिंदू, धाकटा ख्रिस्ती. शेत वाटले गेले, पण विहीर एक, बांध एक आणि म्हातारी माय दोन्ही घरची. भावाकडून पोळ्याचे आवतण येते. जावे किंवा न जावे? उमरेड-कुहीकडील उपदेशक बंधू आम्हांस हे विचारतात, आणि खेडे सोडून नागपुरातील नंदनवन वस्तीत बिऱ्हाड करून राहिलेले तरुणही विचारतात. कारण सणाला गावी गेल्यावर त्यांनाही त्याच अंगणात उभे राहावे लागते.

प्रथम हा सण आहे तरी काय, हे नीट पाहू. आदल्या दिवशी खांदमळणी. जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद व तूप चोळतात आणि उद्या जेवायला ये म्हणून त्याला आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू ठेवीत नाहीत. नाल्यावर नेऊन धुतात, शिंगे रंगवितात, नवी वेसण घालितात, झूल चढवितात. तिसऱ्या प्रहरी सारा गाव तोरणाखाली जमतो, झडत्या म्हटल्या जातात आणि पोळा फुटला की बैल घरोघर जातात. तेथे त्यांना ओवाळून पुरणपोळी चारितात. बैल घेऊन येणाऱ्या सालदाराच्या हाती बोजारा ठेवितात. दुसरे दिवशी मुलांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असे नागपुरात सांगतात.

ह्यात देवपूजा किती आणि उपकारस्मरण किती? बैलाला विसावा देणे ही गोष्ट शास्त्राला परकी नाही. शब्बाथाच्या आज्ञेत बैलाचे नाव आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असा नियम मोशेने घालून दिला. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, असे नीतिसूत्रांत आहे. पुढे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना तो मुसक्याचा नियम घेऊन, देवाला काय बैलांचीच काळजी आहे, असे विचारले आणि त्याचा अर्थ राबणाऱ्या मनुष्याच्या वाट्याकडे वळविला. पौलाचे हे वळण आमच्या शेतकरी बांधवांनी ध्यानात घ्यावे. बैलाची शिंगे रंगविली, पण सालदाराचा हिशेब दिवाळीपर्यंत लांबविला, तर तो पोळा कोणत्याही धर्माने साजरा झाला नाही.

तेव्हा विसावा, धुणे, साज, गोडाचा घास आणि बोजारा ह्यांस आमची हरकत नाही. बैलास पंचारतीने ओवाळणे, त्याच्या पाया पडणे, इडापिडा टळावी म्हणून दारी पळसाचे मेढे रोवणे, हे ख्रिस्ती घरी होऊ नये. ज्याने बैल निर्माण केला त्याचे उपकार मानावे. निर्मिलेल्या वस्तूस त्याच्या जागी बसवू नये. ह्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही, ते लहान मुलासही समजते.

कठीण गोष्ट निराळीच आहे, आणि ती ताटाची आहे. पौल म्हणतो की विश्वास न ठेवणाऱ्याने बोलाविले आणि तुम्हांस जावेसे वाटले, तर जा व पुढे येईल ते विचारपूस न करिता खा. मात्र हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. करिंथ मोठे शहर होते. तेथे विचारल्यावाचून भागत असेल. आमच्या खेड्यात कोणी कोणाला सांगावे लागत नाही. कोणाच्या चुलीवर काय शिजले व कोठे नैवेद्य गेला, हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून कित्येक उपदेशक सरसकट मनाई करितात. आम्हांस ती मान्य नाही. पौलाने भेद अन्नात केला नाही. आपल्या खाण्याने समोरच्या मनुष्यास काय सांगितले जाते, ह्यात केला. कित्येक घरी वहिनी नैवेद्याचे ताट वाढण्यापूर्वीच धाकट्या दिराच्या घरच्या पोळ्या बाजूला काढून ठेवते. ती न बोलता सांगत असते की, भाऊजी, तुम्ही कोणाचे आहात हे मला ठाऊक आहे. अशी पोळी नाकारणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. दिलेली साक्ष जिने मान्य केली तिचाच तो अपमान होय. परंतु जेथे, खा, म्हणजे तुझे ख्रिस्तीपण गेले, अशा हेतूने कोणी घास पुढे करील, तेथे हात जोडून उठावे. पोळी तीच, पीठ तेच; प्रश्न दुसरा.

ह्यावर कोणी म्हणेल, वेगळे राहणे अधिक निर्धोक. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. त्यानंतर पुष्कळ वर्षे बाप्तिस्मा घेणाऱ्यास बहुधा घर सुटतच असे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली बहुतेक पाच वर्षे त्या दांपत्याने ताटातुटीत काढली. ज्यांस घरच्यांनी दूर केले त्यांचा वियोग हा क्रूस होता. पण ज्यास भाऊ बोलावीत आहे, त्याने आपण होऊन दार लावावे आणि त्यासही क्रूस म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. शिवाय एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पोळ्याला न जाणारे आमचे काही बंधू भावाच्या घरची पेरणी अडली तरी जात नाहीत, मयतीच्या लाकडांनाही हात लावीत नाहीत. तेथे तर नैवेद्य नसतो.

आता दुसरी बाजू. गावाच्या गोडव्याची वर्णने आम्ही पुष्कळ ऐकतो. ती बहुधा गावकुसाच्या आत राहिलेल्यांची असतात. तोरणाखालीही मान असे. पाटलाचा बैल पुढे, मग इतर आपापल्या पायरीने; आणि ज्यांची घरे वेशीबाहेर होती त्यांच्या वाट्यास वाजविणे व मेलेले ढोर ओढणे. आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे आजे-पणजे त्याच घरांतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच नागपुरात डॉक्टर आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांची उपासना न करण्याची व श्राद्धपिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. तो मार्ग आमचा नव्हे. पण जुन्या रीतीतून बाहेर पडताना त्यांनी इतका काटेकोरपणा का पाळला, हे समजून घेतल्यावाचून आपल्या बौद्ध शेजाऱ्यांस कोणी हेकट म्हणू नये. जी परंपरा एकाला मायेची ऊब देते, तीच दुसऱ्याला पायरी दाखविते. ज्या ख्रिस्ती घराला तोरणाखाली अजून मागच्या बाजूस उभे करितात, त्याने तेथे जाऊ नये, ह्या मताचे आम्ही आहो. त्याचे कारण मूर्तिपूजा नव्हे, अपमान हे आहे. आणि तेच कारण गावास सांगावे.

अलीकडे पुष्कळ घरी बैलच राहिले नाहीत, नांगरटीस ट्रॅक्टर येतो. तरी जुना सालदार सणाला दारी येतो. बैल नाही म्हणून बोजारा नाही, असे म्हणू नये. मनुष्य तर आहे.

सर्वांत मोठे संकट पुरुषाचे नाहीच. घरात एकटीच विश्वास ठेवणारी सून असते; नवरा वा सासू म्हणते, ताट तू धर. तिला, बहिणी, घर सोड, असे सांगणारा उपदेशक संध्याकाळी आपल्या घरी जाऊन जेवतो. अरामी सेनापती नामान ह्याने अलीशास विचारले होते की, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल ना? संदेष्ट्याने परवानगी दिली नाही आणि दोषही दिला नाही. शांतीने जा, एवढेच म्हटले. ह्याचा अर्थ ताट धरणे निर्दोष आहे असा आम्ही करीत नाही. पण प्रभुभोजनाच्या पटावरून अशा बहिणीचे नाव काढण्यापूर्वी उपदेशकाने निदान एकदा तिच्या ओसरीवर जाऊन बसावे, तिच्या सासूच्या हातचे पाणी प्यावे आणि त्या घरात कोण काय सोसते ते पाहून यावे.