मतपरिवर्तन कीं दंभ ?

राजकीय पक्षांच्या दांभिकपणाविषयीं बोलूं लागलें म्हणजे सुशिक्षित माणसास फारसा विचार करावा लागत नाहीं. ज्या पक्षास आपण मत दिलें नाहीं त्याचीं जुनीं भाषणें काढावीं, त्यांच्या शेजारीं त्याचीं आजचीं कृत्यें मांडावीं, कीं आरोपपत्र तयार. विरुद्ध पक्षाचा अनुयायीहि हेंच करीत असतो, आणि दोघांच्याहि जवळ पुराव्याचा तोटा नसतो. अशा वादाचा शेवट बहुधा एकाच वाक्यानें होतो : सगळेच सारखे. हें वाक्य उच्चारून दोघेहि समाधानानें घरीं जातात. आमच्या मतें दांभिकांच्या इतक्या सोयीचें दुसरें वाक्य नाहीं. सगळेच सारखे असतील तर विशेष दोषी कोणीच नाहीं, आणि ज्यानें नुकसान सोसून आपलें वचन पाळलें त्याचीहि कांहीं थोरवी उरत नाहीं. म्हणून दंभाचा आरोप करण्यापूर्वीं दंभ म्हणजे काय हें ठरविणें अवश्य आहे.

बोलणें आणि करणें यांत अंतर पडलें एवढ्यावरून दंभ सिद्ध होत नाहीं. परिस्थिति पालटते, नवी माहिती हातीं येते, आणि विचारी माणसाचें मत बदलतें. इंग्लंडच्या इतिहासांतील सर रॉबर्ट पील याचें उदाहरण या बाबतींत मननीय आहे. परदेशी धान्यावरील जकातीचें संरक्षण इच्छिणाऱ्या जमीनदारांच्या पक्षाचा पुढारी म्हणून तो १८४१ सालीं अधिकारावर आला, आणि १८४६ सालीं त्यानेंच ती जकात उठविण्याचा कायदा पार्लमेंटांत संमत करून घेतला. डिझरायलीनें त्याच्यावर विश्वासघाताचे जहरी आरोप केले. परंतु पीलनें आपलें मत कां बदललें तें भर सभागृहांत सांगितलें. स्वतः मोठ्या जमिनीचा मालक असूनहि त्यानें नव्या नियमांतून आपल्या वर्गास वगळलें नाहीं. आणि त्याची किंमत म्हणून पक्षाचें ऐक्य व प्रधानपद हीं दोन्ही गमावलीं. उलट डिझरायली १८५२ सालीं अर्थमंत्री झाला, तेव्हां त्याच जकातीचें पुनरुज्जीवन करण्याचा नाद त्याच्या पक्षानें निमूटपणें सोडून दिला.

या उदाहरणांतून तीन कसोट्या निघतात. मत बदललें तें उघडपणें, कारणें देऊन बदललें काय ? नवा नियम आपल्यास आणि परक्यास सारखाच लावला काय ? आणि त्या बदलाची किंमत बदलणाऱ्यानें स्वतः दिली, कीं ती दुसऱ्याच्या माथीं मारली ? तिन्हींस जो उतरतो त्याचें मतपरिवर्तन प्रामाणिक होय. तिन्हींत जो नापास होतो त्यास दांभिक म्हणण्यास हरकत नाहीं.

या कसोट्या महाराष्ट्राच्या अनुभवास लावून पाहूं. काँग्रेसनें १९२० सालीं नागपूरच्या अधिवेशनांत आपली घटना नवी केली, तेव्हां इंग्रजांनीं पाडलेले प्रांत बाजूस ठेवून आपल्या प्रांतिक समित्या भाषांच्या धोरणानें बसविल्या. १९२८ च्या नेहरू अहवालांत भाषावार प्रांतरचनेस पाठिंबा मिळाला, आणि १९४५-४६ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यांतहि तिचें आश्वासन राहिलें. पंचवीस वर्षें या पक्षानें मराठी, तेलगू, कानडी माणसास त्याच्या भाषेंतून हांक मारली आणि ती हांक ऐकून तो चळवळींत आला. हें वचन केवळ कागदावरचें नव्हतें. त्याच्या बळावर पक्ष वाढला होता.

स्वराज्य आल्यावर सूर पालटला. १९४८ च्या डिसेंबरांत दार कमिशननें भाषावार प्रांतांविरुद्ध अभिप्राय दिला. त्याच महिन्यांत जयपूरच्या अधिवेशनानें जवाहरलाल, वल्लभभाई व पट्टाभि या तिघांची समिति नेमली, आणि १९४९ च्या एप्रिलांत तिनेंहि हा प्रश्न लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. येथवर आम्ही काँग्रेसला दांभिक म्हणणार नाहीं. फाळणी होऊन दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि देशाच्या ऐक्याची काळजी खोटी नव्हती. जुना ठराव होता हें त्या तिघांनीं नाकारलें नाहीं; तो करतांना त्याच्या व्यावहारिक परिणामांशीं पक्षाची गांठ पडली नव्हती, असें त्यांनीं उघड मांडलें. मत चुकीचें असेल, पण तें मतपरिवर्तन होतें, आणि पहिल्या कसोटीस तें उतरतें. आणखीहि एक गोष्ट संयुक्त महाराष्ट्राचे पक्षपाती बहुधा सांगत नाहींत. १९२० च्या त्या घटनेंतहि मुंबई शहराचा काँग्रेस-प्रांत महाराष्ट्राच्या प्रांताहून निराळा धरला होता. तेव्हां मुंबईबद्दलचें एखादें लेखी वचन मोडलें असें म्हणतां येत नाहीं.

दुसऱ्या कसोटीवर मात्र हा पक्ष घसरला. १९५२ च्या डिसेंबरांत पोट्टी श्रीरामुलु यांनीं उपोषणांत प्राण सोडल्यावर आंध्र राज्य देण्याचें ठरलें, व १९५३ च्या १ ऑक्टोबरला तें अस्तित्वांत आलें. मग राज्यपुनर्रचना आयोग नेमण्यांत आला. १९५५ च्या सप्टेंबरांत त्याचा अहवाल सादर झाल्यापासून अवघ्या वर्षभरांत मराठी लोकांपुढें एकामागून एक चार उत्तरें ठेवण्यांत आलीं : विदर्भ वगळून द्विभाषिक राज्य; मग महाराष्ट्र, गुजरात व मुंबई अशीं तीन राज्यें; मग मुंबई केंद्राच्या ताब्यांत; आणि शेवटीं विदर्भासह विशाल द्विभाषिक. पहिलें उत्तर आयोगाचें होतें. पुढचीं तीन सत्ताधारी पक्षाचीं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला केरळ झाला, विशाल म्हैसूर झाला, तेलंगण जोडून आंध्र प्रदेश झाला. पंजाब सोडल्यास द्विभाषिकाचा प्रयोग केवळ मराठी आणि गुजराती लोकांच्या वाट्यास आला. गुजराती जनतेनेंहि हें राज्य मागितलें नव्हतें. त्याच्या घोषणेनंतर ऑगस्टांत अहमदाबादेसहि गोळीबार झाला. राष्ट्रीय ऐक्यास भाषावार राज्यानें धोका असेल तर तो त्रिवेंद्रमासहि असावा. नसेल तर मुंबईसहि नसावा. जें तत्त्व दक्षिणेस शिथिल होतें आणि मुंबई बंदर दिसतांच ताठर होतें, तें तत्त्व नव्हे. तत्त्वाचा अंगरखा घातलेली ती सोय आहे.

तिसऱ्या कसोटीचा निकाल याहून कठोर आहे. या धरसोडीची किंमत कोणीं दिली ? १९५५ च्या नोव्हेंबरांत आणि १९५६ च्या जानेवारींत मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या, आणि या लढ्यांत शंभराहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य झाली नाहीं. चिंतामणराव देशमुख यांनीं १९५६ सालीं केंद्राचें अर्थमंत्रिपद सोडलें. राज्यकर्त्यांच्या पंक्तींत बसून स्वतःच्या पदरचें मोल देणारा माणूस म्हणून त्यांचें नांव आम्ही आदरानें घेतों. इतर बहुतेकांनीं दुःख व्यक्त केलें आणि खुर्ची राखली. यशवंतराव चव्हाण यांनीं १९५५ च्या अखेरीस महाराष्ट्रापेक्षां नेहरू मोठे असा निर्वाळा दिला, आणि पुढच्या वर्षीं ते द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. त्यांनींच पुढें दिल्लीचें मन वळविण्यास हातभार लावला हें खरें, व त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. परंतु तें मन वळण्यास आधीं १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें दिलेला पराभव लागला. १९६० च्या १ मे रोजीं राज्य झालें, आणि ज्या पक्षानें तें नाकारलें होतें त्याच्याच हातीं मंगल कलश आला.

आतां हीच मोजपट्टी उलट फिरवूं. कारण जी मोजपट्टी एकाच बाजूस लागते ती मोजपट्टी नव्हे, काठी होय. १९५६ च्या फेब्रुवारींत पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. तींत समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि हिंदुमहासभा असे परस्परांशीं न जुळणारे पक्ष एकत्र आले. यास संधिसाधूपणा म्हणणारे तेव्हांहि होते. आम्हांस तो आरोप पटत नाहीं. आपण एका कार्यापुरते जमलों आहों हें त्यांनीं लपविलें नव्हतें, आणि त्यांच्या अनुयायांनीं तुरुंगवास भोगला. परंतु सीमाप्रश्नाकडे वळलें म्हणजे महाराष्ट्राची बाजू इतकी निर्मळ दिसत नाहीं. १९५१ च्या शिरगणतींत मुंबईंत मराठी भाषिकांचें प्रमाण निम्म्याहून कमी होतें. तेथें आपण भोंवतालच्या प्रदेशाचा व भूगोलाचा आधार घेतला. बेळगांवच्या बाबतींत गांवागांवांतील भाषिक बहुमतावर भर दिला. दोन्ही युक्तिवादांत बळ आहे, पण दोन्ही एकाच मुखांतून निघतांना श्रोत्याच्या मनांत शंका आल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं. पुढें महाराष्ट्राच्या आग्रहावरून १९६६ सालीं महाजन आयोग नेमला गेला. १९६७ सालीं त्यानें बेळगांव म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली, आणि महाराष्ट्रानें ती अमान्य केली. अमान्य करण्याचीं कारणें उघडपणें सांगितलीं गेलीं, आणि तीं पुष्कळशीं सबळहि आहेत. तरीहि प्रश्न उरतो : निकाल आपल्यासारखा लागला असता आणि म्हैसूरनें तो झिडकारला असता, तर त्यास आपण कोणतें नांव दिलें असतें ? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण मराठींतच निघाली आहे. बेळगांवच्या मराठी माणसाचें दुःख यानें तिळभर कमी होत नाहीं; पण त्याची बाजू मांडणारानें हा प्रश्न टाळून तिचें बळ वाढत नाहीं.

अलीकडचा अनुभव तर वाचकांच्या डोळ्यांपुढचा आहे. २०१९ च्या नोव्हेंबरापासून २०२३ च्या जुलैपर्यंत महाराष्ट्रांत एकत्र मतें मागणारे विरुद्ध बांकांवर गेले, परस्परांविरुद्ध मतें मागणारे एका मंत्रिमंडळांत बसले, आणि दोन पक्ष दुभंगून प्रत्येक भाग स्वतःस मूळ पक्ष म्हणवूं लागला. प्रत्येकानें तत्त्वाचें नांव घेतलें. त्यांपैकीं कोणतें कारण खरें व कोणतें बनावट याचा न्याय आम्ही येथें करीत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक बाबीची निराळी छाननी हवी. पण तिसरी कसोटी लावणें कठीण नाहीं. ज्या मतपरिवर्तनांच्या शेवटीं एकामागून एक मंत्रिपदेंच लागतात, त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा देण्याचा भार मत बदलणारावर आहे, मतदारावर नाहीं. मतदारानें मत ज्या युतीस दिलें ती युति त्यास न विचारतां मोडली जाते, आणि किंमत पुनः त्याच्याच खात्यावर पडते.

येथें कोणी म्हणेल कीं राजकारणांत इतकी बारीक नीति चालत नाहीं. तडजोडीवांचून राज्य चालत नाहीं. तडजोड आम्हांसहि मान्य आहे. परंतु तडजोड करणारा आपण काय सोडलें तें सांगतो, आणि दांभिक आपण कांहींच सोडलें नाहीं असें भासवितो. पहिल्याशीं नागरिक पुढील हिशेब करूं शकतो. दुसरा हिशेबाची वहीच पळवितो. लोकशाहींत सामान्य माणसाजवळ फौज नाहीं, पैसा नाहीं. कोण काय बोलला होता ही आठवण एवढेंच त्याचें शस्त्र आहे. १९५७ सालीं तें शस्त्र महाराष्ट्रानें वापरलें आणि तीन वर्षांत राज्य मिळविलें.

म्हणून सगळेच सारखे असें म्हणून उठून जाण्यापेक्षां, कोण कितपत निराळा आहे हें मोजण्याचे श्रम सुशिक्षित माणसानें घेतले पाहिजेत. आणि तें मोजमाप स्वतःच्या पक्षापासून सुरू केलें पाहिजे. विरोधकाच्या टीकेनें पक्ष क्वचितच सुधारतो, कारण तिची तो अपेक्षाच करीत असतो. ज्याचें मत हक्काचें समजून चालला होता, त्यानेंच एके दिवशीं जुना जाहीरनामा पुढें करून उत्तर मागितलें, म्हणजे तो खरोखर बिचकतो.