नावे जाळून उरलेले आकडे

17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली एकाच वेळची खानेसुमारी झाली. आज पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात असलेल्या माण गावातही तेव्हा घरोघर कागद भरले गेले असणार. त्याच वर्षी 3 एप्रिलला इंग्लंडातही शिरगणती झाली. तिथले कागद जपले गेले, शंभर वर्षांनी खुले झाले आणि हजारो स्वयंसेवकांनी ते उतरवून काढले. त्यामुळे तिथल्या एखाद्या दुर्मीळ आडनावाची माणसे 1881 साली कोणत्या परगण्यात, कोणत्या घरात राहत होती, हे आज कुणालाही पाहता येते. आपल्याकडे मात्र बेरजा झाल्यावर नावांचे कागद नष्ट केले गेले. पुणे जिल्ह्यात सुमारे नऊ लाख माणसे होती, एवढे कळते. ती कोण होती, हे कळत नाही. राज्यकर्ते एकच, वर्षही एकच. तरी एकीकडे माणसे राहिली आणि दुसरीकडे फक्त आकडे.

मग दोन-चार उंबऱ्यांच्या आडनावाचा माग आपण कुठे काढतो? जमीन असेल तर तलाठी दप्तरात. सातबारा, त्यामागचे फेरफार, वारसनोंदी, त्याही मागे मोडीतले कागद. जुन्या कागदांत बहुधा आडनावच नसते, ‘अमका बिन तमका’ एवढेच असते, म्हणून गट, शीव आणि भाऊबंद जुळवत मागे जावे लागते. शाळेचे जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी यांचाही आधार मिळतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव-आडनावावरून पिढ्या सापडतात. शिकल्यासवरल्या घराण्यांनी तर आपले कुलवृत्तांत छापूनच ठेवले. जातीच्या दाखल्यांसाठी पूर्वजांच्या कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा सरकारनेच ही जुनी दप्तरे उघडली. एका पूर्वजाच्या नावाची एक ओळ किती मोलाची असते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

पण यातल्या बहुतेक वाटा कुणाच्या आहेत? जमीनवाल्यांच्या, शाळेत गेलेल्यांच्या, तीर्थयात्रेला पैसा असलेल्यांच्या. शेतमजूर, गावकुसाबाहेरची वस्ती आणि पालावरची माणसे यांना ना सातबारा, ना कुलवृत्तांत. त्यांच्याही दाराशी जाणारी जवळजवळ एकमेव सरकारी मोजणी म्हणजे खानेसुमारी, आणि नेमकी तिचीच नावे आपण राखली नाहीत. हा निव्वळ दप्तरातला निष्काळजीपणा नाही, हा अन्याय आहे.

माणमध्ये तो आज डोळ्यांसमोर पुन्हा घडतो आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्या हद्दीत आला, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा डेपोही इथेच आहे. ज्यांची शेते गेली, त्यांची नावे भूसंपादनाच्या कागदांत कायम राहतील. त्याच शेतांवर राबणाऱ्यांची राहणार नाहीत. बांधकामावर आलेल्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या नातवंडांनी पन्नास-साठ वर्षांनी विचारले, की आमचे आजोबा इथे कुठे राहत होते, तर त्यांना काय दाखवणार?

गुप्ततेचा आक्षेप खरा आहे आणि गंभीरही. 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 वैयक्तिक नोंदी पाहू देत नाही, पुरावा म्हणूनही मानत नाही. नोंद आपल्यावर उलटणार नाही हा भरवसा असतो म्हणूनच लोक प्रगणकाला खरे सांगतात, आणि जात सांगण्याची जोखीम ज्या समाजात आहे तिथे तो भरवसा मोडणे घातक ठरेल. पण गुप्तता राखणे म्हणजे नोंद नष्ट करणे नव्हे. ब्रिटनने शंभर वर्षांची मुदत ठेवली आणि 1921 ची शिरगणती 2022 मध्ये खुली केली. अमेरिका 72 वर्षे थांबते. सांगणारा हयात असेपर्यंत त्याचे शब्द बहुतेकदा कुलूपबंद राहतात, आणि पुढे त्याच्या वंशजांनाही आपला माग लागतो.

येती जनगणना 2027 ची आहे. तिची संदर्भतिथी 1 मार्च 2027 आहे, ती डिजिटल असेल आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. कागदाचे ढीग ठेवायला जागा नाही, ही सबब आता उरत नाही. म्हणून कलम 15 मध्ये दुरुस्ती करून या नोंदी शंभर वर्षे सीलबंद जपण्याची आणि त्यानंतर अभिलेखागारात खुल्या करण्याची तरतूद संसदेने करावी. महाराष्ट्रातल्या खासदारांनी ही मागणी जनगणनेआधी मांडावी.