खड्ड्यातला दिवा कोणाचा?

काचीगुड्यातील आमच्या जुन्या वाड्यात आड होता आणि आडालगतच्या भिंतीत एक कोनाडा. तिन्हीसांजेनंतर पाणी शेंदायला जाणारा प्रथम त्या कोनाड्यातली चिमणी लावी. हे काम कोणाचे, असा वाद वाड्यात कधी झाला नाही. ज्याला उजेडाची गरज, त्याने तो करावा, इतका तो सरळ न्याय होता. पुढे वाडा गेला, आम्ही सदनिकेत राहावयास आलो आणि तोच प्रश्न लिफ्टच्या खड्ड्यापाशी पुन्हा उभा राहिला.

तळमजल्यावर लिफ्ट जिथे थांबते, त्याच्याही खाली एक खड्डा असतो. केबिन मर्यादेपलीकडे खाली आली तर धक्का झेलणारे बफर तिथे असतात. तिथे पाणी झिरपते, कचरा साचतो आणि दुरुस्तीसाठी मेकॅनिकला त्यातच उतरावे लागते. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार हा खड्डा कोरडा व स्वच्छ हवा, दीड मीटरहून खोल असल्यास उतरण्याची सोय हवी आणि देखभालीसाठी स्विचसह दिवा हवा.

मी सोसायटीचा सचिव असताना एका सकाळी आमचा मेकॅनिक मोबाइल दातांत धरून खड्ड्यात उतरताना दिसला. आतला दिवा बंद होता. कधीपासून, हे कोणालाच ठाऊक नव्हते. विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘आदत हो गई, साब.’’ देखभाल करणारी कंपनी म्हणाली, वायरिंग इमारतीचे. सभासद म्हणाले, आपण वर्षाचे पैसे भरतो ना? बिल्डर तर केव्हाच मोकळा झाला होता. यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. आयुष्यभर सरकारी नस्ती हाताळलेल्या मला हे चित्र परिचित होते : ‘योग्य कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा प्रत्येक टेबलावर पडतो आणि कार्यवाही तेवढी राहून जाते. या खेपेस देखभालीच्या करारावर सही मात्र माझीच होती.

वाड्यातला न्याय येथे का लागू पडत नाही? कारण आडावर उजेड करणारा आणि त्या उजेडात वावरणारा एकच होता. खड्ड्यात अंधार सोसतो एक आणि लिफ्टने वर जातात दुसरेच. ज्याला गरज आहे त्याच्या हाती अधिकार नाही. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना तो अंधार कधी दिसतच नाही. अशा वेळी गरजवंताने मागावे, ही अपेक्षाच अन्यायाची ठरते. महाराष्ट्रात १९३९ पासून लिफ्टचा स्वतंत्र कायदा आहे; पुढे त्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. दोन्हींत परवान्यासाठी मालक उत्तरदायी धरला आहे. जबाबदारीला शेवटी एक नाव लागते, हे त्यामागचे शहाणपण आहे.

आम्हा सामान्यांना यंत्रातले काय कळते, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु आपल्या छपराखाली कोणी अंधारात उतरत आहे काय, एवढे विचारण्यासाठी यंत्रशास्त्र लागत नाही. दोष कोणाचा, हे सावकाश ठरवता येते. दिवा मात्र आधी लावावा लागतो.

आम्ही तो लावला. खर्च इतका किरकोळ की सभेपुढे मांडायचीही लाज वाटली. आता दर महिन्याच्या १ तारखेला स्विच दाबून पाहायचा आणि नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. सचिवपद सोडले, तरी त्या दिवशी मी खाली जातो.