मालक कोण?

आमच्या यवतमाळच्या घरात, मागच्या खोलीत, एक निवृत्त गुरुजी एकोणीस वर्षे भाड्याने राहतात. मुलगा यंदा बारावीला गेला. त्याला अभ्यासाला खोली हवी. म्हणून एका रविवारी मी खिशात नोटीस घालून गुरुजींकडे गेलो. आम्हा बँकवाल्यांना नोटिसा देण्याची सवय असते. फक्त समोरच्याचा चहा पिऊन ती देता येत नाही. आणि गुरुजींनी चहा टाकलाच होता!

गुरुजींनी जन्मभर जीवशास्त्र शिकवले. परसातली तूर उपटून म्हणाले, “भाऊ, या मुळांच्या गाठी पाहा. यात जिवाणू राहतात. हवेतला नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देते. पण तुमच्या अंगातले भाडेकरू याहून मुरलेले.”

मग कळले ते असे. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला. गिळला गेला की आपणहून आला, यावर अजून वाद आहे. पण तो पचला नाही, राहिला. आपल्या पेशींतल्या तंतुकणिका त्याच्याच वंशातल्या. खाल्लेल्या भाकरीतून वापरण्याजोगी शक्ती काढतात त्या बहुतांशी ह्याच. लिन मार्गुलिस या बाईंनी हे सविस्तर मांडले, तेव्हा अनेक नियतकालिकांनी लेख साभार परत पाठवला. १९६७ साली तो एकदाचा छापून आला. (बाईंबद्दल मला तात्काळ बंधुभाव वाटला.)

माणसाच्या तंतुकणिकेजवळ स्वतःची जनुके उरली अवघी ३७. बाकीची काही हरवली, काही केंद्रकात, म्हणजे हेड ऑफिसात, जमा झाली. आता ती बाहेर जगू शकत नाही आणि तिच्यावाचून आपण जगू शकत नाही. शिवाय ती येते आईकडून. वडिलांकडून मला आडनाव आले, घर आले, घरावरचे कर्ज आले. चूल पेटती ठेवणारी मात्र आईची.

आई म्हटल्यावर माझा चहा निवला. तिच्या शेवटच्या आजारात बँकेत मार्चअखेर होती. मी लेजरपाशी होतो. रात्री तिच्या उशाशी गुरुजी होते.

मग मालक कोण? करपावती ज्याच्या नावाची तो, की ज्याच्यावाचून घर चालत नाही तो? पेशीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिला भाडेकरू काढताच येत नाही. मला काढता येतो. म्हणून तर प्रश्न माझा आहे, पेशीचा नाही.

गुरुजी म्हणाले, “काही काम होतं का, भाऊ?”

“नाही, सहज आलो.”

घरी आल्यावर बायकोने विचारले, “अहो, दिली नोटीस?”

“अगं, दीडशे कोटी वर्षांची वहिवाट महिन्याच्या मुदतीने कशी मोडायची?”

“बरं. मग पोरानं अभ्यास कुठं करायचा?”

सध्या तो गुरुजींच्याच खोलीत करतो. जीवशास्त्राचा.